पाणी कुठून आलं

कार्डिफला लेकीच्या जेवणाच्या टेबलावर
मला लॅपटॉपसमोर बसवलेलं.
टेन्बीचं घर, चार रात्री, दुसरा मजला, समुद्र दिसतो.
नावं, वयं, पासपोर्ट, सगळं भरून झालं.
मग एक रिकामा चौकोन, आणि त्यापुढे
एकोणचाळीस पौंडांत मनःशांती.

मी हसलो. बत्तीस वर्षं
हेच विकणाऱ्यांच्या मागून जाऊन
मी नुकसान मोजत आलो.

इचलकरंजीत, पुराच्या तिसऱ्या दिवशी,
तेरदाळे नावाच्या माणसाचं गोदाम;
भिजलेल्या ताग्यांचा वास अजून नाकात आहे.
मी भिंतीवर खडूने रेघ मारली
आणि त्यालाच विचारलं,
पाणी खालून आलं की वरून?
वरून आलं तर छप्पर, खालून आलं तर नदी.
त्याच्या पॉलिसीत छप्पर होतं. नदी नव्हती.
तो म्हणाला, साहेब, पाणी पाण्यासारखं आलं.
मी लिहिलं : खालून.

"बाबा, टिक करा नाहीतर राहू द्या,
भाडं अजून नऊच मिनिटं धरून ठेवलंय त्यांनी,"
मृण्मयी आतून ओरडली.
मी अटी उघडल्या.
बारीक अक्षर मला कधी बारीक वाटलंच नाही.
पेला फुटला, चालेल. गालिचा जळला, चालेल.
प्रवास रद्द : अपघात चालेल, मृत्यू चालेल,
ज्यूरीचं बोलावणं आलं तरी चालेल.
पान चार, कलम सात, उपकलम आ :
आधीपासूनचा आजार चालणार नाही.

शालन समोर वाटाणे सोलत होती.
गेल्या दिवाळीत बसवलेले दोन स्टेंट
तिच्याबरोबर गुपचूप वाटाणे सोलत होते.
"यात तू नाहीस," मी म्हणालो.
"कशात?"
"काही नाही."
तिने तेवढ्यात गुणाकार केलाच होता.
"चार हजार! अहो, तेवढ्यात मिरजेला
पाच वेळा डॉक्टरांना दाखवून होतं."
चौकोन तसाच ठेवला.

टेन्बीत तिसऱ्या सकाळी
तिच्या हातून घरमालकिणीचा निळा जग निसटला.
आवाज फार झाला नाही.
शालन तुकड्यांपाशी उभी राहिली
वर्गात बाकावर उभं केल्यासारखी.
मी चार बाजूंनी फोटो काढले
आणि मिसेस प्रोथेरोंना रीतसर कळवलं :
वस्तू, वेळ, कारण, तुकडे सात,
संशयास्पद काही आढळलं नाही.

संध्याकाळी उत्तर आलं.
जग अठरा पौंडांचा, पण नऊ वर्षं वापरातला,
घसारा वजा जाता सहा पौंड
अनामतीतून कापून घेत आहे.

घसारा!
मी ते दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं.
"शालन, या गावात आपल्यातलं माणूस आहे गं,"
आणि ती हसायला लागली,
हसता हसता जिन्याच्या कठड्याला धरून थांबली,
एक हात छातीवर.
मी तिचे श्वास मोजले.
सोळा. सतरा.
अठराव्याला ती म्हणाली, चला, चहा टाकते.

रात्री वारा सुटला. खिडकीच्या चौकटीत पाणी.
वर पाऊस होता, खाली बंदरात भरती,
लाटा भिंतीवर आपटून उडत होत्या.
मी बोटाने ओल चाचपत होतो, सवयीने,
काचेच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत,
आणि तेरदाळे त्या दिवशी
दारात उभा होता की आत, ते आठवत होतो.

"काय शोधताय अंधारात?"
"पाणी कुठून येतंय ते."
"मग खारट आहे का बघा,"
ती पांघरुणातून म्हणाली, कूस बदलली.

मी बोट जिभेला लावलं.